हेब्रॉनची दोन गाईडवाली एक दिवसाची टूर, आमचा अनुभव सविस्तर

गेल्या महिन्यात दोघातिघांनी विचारलं की जेरुसलेमहून वेस्ट बँकमधल्या हेब्रॉनला नेणारी ती ज्यू आणि पॅलेस्टिनी अशी दोन्ही बाजूंची टूर तू घेतलेलीस ना, कशी होती, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. आम्ही दोघं गेलो होतो २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरचा पहिला आठवडा. ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि नंतरची गाझातली लढाई हे सगळं त्याच्या नंतरचं. त्यामुळे आता कुणी विचार करत असेल तर आधी भारतीय दूतावासाच्या सूचना वाचा, टूर चालू आहे का ते विचारा, मगच पैसे भरा. खाली लिहिलंय ते २०१९ चं. कंपनीचं नाव देत नाही कारण तक्रारीही लिहिणार आहे.

टूर काय असते ते आधी सांगते. एकाच गावात अर्धा दिवस इस्रायली ज्यू गाईड तुम्हाला फिरवतो आणि उरलेला अर्धा दिवस पॅलेस्टिनी गाईड. गाव तेच, बरेचदा दगड पण तेच, सांगणारा वेगळा. माणशी ३०० शेकेलच्या आसपास घेतले, म्हणजे तेव्हाच्या भावाने सहा हजार रुपयांच्या घरात, दुपारचं जेवण त्यात धरून. इस्रायल स्वस्त देश नाही, पण तरी आम्हाला ते जास्तच वाटले होते बुक करताना.

मी का गेले तर मी शाळेत इतिहास शिकवते. गाझाची बातमी आली की मुलं विचारतात, बाई ते का भांडतात? अर्ध्या वर्गाकडे व्हॉट्सॅपवरचं उत्तर तयार असतं आणि माझ्याकडे पुस्तकातल्या चार ओळी, १९४८ ला देश झाला, मग युद्धं झाली, संपलं. मला ते सहन होत नव्हतं. दुसरं कारण म्हणजे मावशी. मी मूळची रेवदंड्याची, आमच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं कुटुंब होतं, गावात ज्यांना शनवार तेली म्हणायचे, तेल्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद म्हणून. आईची त्या घरातली मैत्रीण ती माझी मावशी, १९७१ ला इस्रायलला गेली आणि तिथे दक्षिणेतल्या दिमोनाला स्थायिक झाली. लहानपणी त्यांच्याकडचा मलिदा, म्हणजे पोहे, ओलं खोबरं, साखर आणि वर फळं, हा मला आमच्याच घरचा प्रसाद वाटायचा. गावात मशीद आहे, सिनेगॉग आहे, देवळं आहेत, कोण कुठे जातं हे आम्हाला माहीत होतं आणि त्यावरून कधी काही अडलं नाही. मग तिकडे असं काय आहे हा प्रश्न मला खरंच पडायचा.

बस जेरुसलेमच्या मुख्य स्टँडवरून सुटते, १६० नंबरची साधी सार्वजनिक बस, काचा मात्र जाड बुलेटप्रूफ. अंतर जेमतेम ३० किलोमीटर, आपल्याकडे एवढ्यात अलिबाग-पेण होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऑलिव्ह आणि द्राक्षाचे मळे, गाव उंचावर असल्यामुळे नोव्हेंबरात चांगलीच थंडी, स्वेटर घ्या. आमच्यात चौदा जण होते. त्यातले दोन मला शेवटपर्यंत लक्षात राहिले, एक लंडनची मुस्लिम बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, आणि एक विशीतला अमेरिकन ज्यू मुलगा.

सकाळचा गाईड किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी गोल टोपी घातलेला, जेरुसलेमचाच. बसमधून उतरल्यावर पहिलं वाक्य त्याने गावाच्या नावावर सांगितलं. हिब्रूत हेवरोन, त्याचं मूळ हावेर म्हणजे मित्र. मग तिथून थेट ज्यूंच्या मूळपुरुषावर, अब्राहमवर आला. त्याची बायको सारा वारली तेव्हा अब्राहमकडे तिला पुरायला स्वतःची जमीन नव्हती, म्हणून त्याने एफ्रोन नावाच्या हित्ती माणसाकडून मखपेलाची गुहा चांदीचे ४०० शेकेल मोजून विकत घेतली. हे तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात आहे, उत्पत्तीच्या पुस्तकात २३ वा अध्याय. गाईडचा मुद्दा असा की आमच्या लोकांचा या देशाशी पहिला लिखित संबंध म्हणजे हा खरेदीचा व्यवहार. मी खिशातल्या शेकेलच्या नोटांना हात लावला तेव्हा. नाव अजून तेच.

गुहेवरची इमारत बघून मी गप्पच झाले. हेरोद राजाने बांधलेला परकोट, दोन हजार वर्षांचा, एकेक दगड आपल्या खोलीएवढा लांब, आणि अजून पूर्ण उभा. आत अब्राहम-सारा, इसहाक-रिबेका, याकोब-लेआ अशा बाप, मुलगा, नातू तीन पिढ्यांच्या जोडप्यांच्या कबरी. खरी गुहा खाली आहे आणि तिथे कुणालाच सोडत नाहीत, वर दिसतात ती त्यांची चिन्हं, दगडी घुमटीत ठेवलेले चौथरे. आधी इथे ख्रिस्ती चर्च झालं, मग मशीद, मग क्रुसेडवाल्यांचं चर्च, मग मुस्लिम सुलतान सलादिनाच्या वेळी परत मशीद. १२६७ मध्ये मामलुक सुलतान बायबर्सने ज्यूंना आत यायला बंदी केली, त्यांनी बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच यायचं आणि तिथेच उभं राहून प्रार्थना करायची. ही बंदी सातशे वर्षं होती, १९६७ ला इस्रायलने गाव घेतलं तेव्हा उठली. गाईड हे सांगताना आवाज न चढवता बोलला. सातशे वर्षं सातवी पायरी. पंढरपूरला चोखोबा पायरीशी राहिले ते मला लगेच आठवलं आणि ती गोष्ट एकदम माझी झाली.

इथे पहिली गोम. ज्यूंच्या भागात शिरताना सैनिक प्रत्येकाला धर्म विचारतो. आम्ही हिंदू म्हटलं, त्याने हसून आत जा म्हटलं. लंडनच्या बाईला आत सोडलं नाही. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली, आम्ही तेरा जण आत. हे होणार हे कंपनीला नक्की माहीत असणार, रोजचं आहे तिथलं, मग बुकिंगच्या मेलमध्ये स्पष्ट लिहायला काय हरकत होती? बाई काही बोलली नाही, पण मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं आणि ही माझी या टूरबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे.

मग त्याने जुनी ज्यू वस्ती दाखवली, अवराहम अवीनू सिनेगॉग, जे स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी १५४० मध्ये बांधलेलं, १९४८ नंतर जॉर्डनच्या राज्यात उद्ध्वस्त झालं आणि आता परत उभारलंय. आणि मग बेत हदासाच्या म्युझियममध्ये १९२९ ची खोली. ऑगस्ट १९२९, इंग्रजांचा अंमल, जेरुसलेममध्ये ज्यू मुसलमानांच्या पवित्र जागा बळकावणार अशा अफवांवरून दंगल पेटली आणि हेब्रॉनमध्ये जमावाने ६७ ज्यू मारले. यातले कित्येक पिढ्यान्पिढ्या इथे राहणारे, अरबी बोलणारे लोक, बाहेरून आलेले कुणी नव्हेत. आणि त्याच गावात कितीतरी अरब कुटुंबांनी शेकडो ज्यूंना आपल्या घरात लपवून वाचवलं. उरलेल्यांना इंग्रजांनी बाहेर नेलं, थोडे परत आले, १९३६ मध्ये तेही गेले. जुनी वस्ती संपली. त्या खोलीतले फोटो बघवत नाहीत. गाईड म्हणाला, १९६८ च्या वल्हांडणाच्या ज्यू सणाला काही कुटुंबं गावातल्या एका हॉटेलात उतरली आणि परत जायला तयार झाली नाहीत, तेव्हा जगाला ते घुसखोर दिसले, त्यांना स्वतःला ते घरी परतलेले वाटत होते. मी विचारलं, तुला? तो म्हणाला, मला दोन्ही खरं वाटतं, म्हणून तर मी ही टूर करतो. हे उत्तर मला आवडलं. बसमधल्या काहींना आवडलं नाही.

आता दुपार. शुहदा स्ट्रीट, शहीद शब्दातला तोच शुहदा, ज्यू वस्तीवाले त्याला किंग डेव्हिड स्ट्रीट म्हणतात. एकेकाळचा गावातला मुख्य बाजार, आणि आम्ही चालत होतो तेव्हा दोन्ही बाजूंना एकसारखी हिरवी लोखंडी दारं वेल्डिंग करून बंद, वर घरांच्या गॅलऱ्यांना जाळ्या, माणूस नाही. ज्यू गाईड आमच्याबरोबर चालला, आम्ही परदेशी म्हणून चाललो. पॅलेस्टिनी गाईड त्या रस्त्यावर चालू शकत नाही. उलट ज्यू गाईडला गावाच्या मोठ्या भागात पाऊल टाकता येत नाही, तिथे लाल बोर्ड लावलाय की इस्रायली नागरिकांना प्रवेश बंद, जिवाला धोका, कायद्याने गुन्हा. जानेवारी १९९७ च्या कराराने गावाचे दोन तुकडे केले. एच वन म्हणजे साधारण ८० टक्के, पॅलेस्टिनी प्रशासनाकडे, आणि एच टू २० टक्के, इस्रायली सैन्याकडे. त्या २० टक्क्यांत काही शे ज्यू राहतात आणि तीसेक हजार पॅलेस्टिनी. टूरला दोन गाईड आहेत ते काही आकर्षक कल्पना म्हणून नाहीत, एका गाईडला सगळं गाव दाखवताच येणार नाही म्हणून आहेत, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

मशिदीच्या बाजूच्या चेकपोस्टशी अदलाबदल झाली. दोघं हिब्रूत बोलले, पॅलेस्टिनी गाईडच्या मुलीला ताप होता त्याची चौकशी सकाळवाल्याने केली, आणि तो तिथेच थांबला. नवीन गाईडचं पहिलं वाक्य काय असेल? या गावाला आम्ही अल-खलील म्हणतो, खलील म्हणजे मित्र, इब्राहिम अल्लाहचा मित्र म्हणून. मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं. दोघांनी एकमेकांना न विचारता एकाच शब्दापासून सुरुवात केली होती.

आता धर्म विचारणारा दुसरा चेकपोस्ट, आणि या वेळी बाहेर राहिला तो अमेरिकन मुलगा. लंडनची बाई आत आली. मशिदीच्या भागात इसहाक आणि रिबेका, लाल-पांढऱ्या दगडांची घुमटी, आत भरतकामाची चादर. शेजारी लाकडी मिंबर, इमाम ज्यावर उभं राहून बोलतो ते, १०९१-९२ मध्ये अश्कलोन गावासाठी केलेलं, सलादिनाने इथे आणलेलं, बारीक कोरीव काम बघत अर्धा तास सहज जाईल. आम्हाला दहा मिनिटं मिळाली! एवढ्या लांब जाऊन दहा मिनिटं म्हणजे फार कमी, संध्याकाळी काचेच्या कारखान्यात खरेदीला मात्र पाऊण तास दिला. तिथली निळी फुंकून केलेली काच सुंदर असते हे खरं, मी पण दोन वाट्या घेतल्या, पण वेळेचं हे गणित चुकलंय.

गाईड म्हणाला, इब्राहिम, इस्माईल, इसहाक, याकूब हे सगळे आमचे पण नबी. बकरी ईदची, मुलाच्या कुर्बानीची गोष्ट तीच, तोरात तो मुलगा इसहाक, आमच्याकडे त्याचा भाऊ इस्माईल. आणि मग म्हणाला की तोरामध्येच लिहिलंय, अब्राहम वारला तेव्हा इसहाक आणि इस्माईल दोघांनी मिळून त्याला या गुहेत पुरला. मी नंतर बघितलं, खरंच आहे, उत्पत्ती २५. हे सकाळच्या गाईडने सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असं नाही, फक्त त्याच्या गोष्टीत ते आलं नाही.

अब्राहमची कबर मधल्या खोलीत आहे आणि दोन्ही बाजूंनी जाळीतून दिसते, मधे बुलेटप्रूफ काच. सकाळी मी तिकडून बघितली होती, दुपारी इकडून. ही विभागणी का झाली तर २५ फेब्रुवारी १९९४, रमजानचा शुक्रवार, ज्यूंचा पुरीमचा सण, पहाटेची नमाज चालू, आणि शेजारच्या किर्यात अरबा वस्तीतला बारूख गोल्डस्टीन नावाचा डॉक्टर लष्करी गणवेशात आत शिरला आणि पाठमोऱ्या लोकांवर गोळ्या झाडल्या. २९ माणसं गेली. गाईडने आम्हाला ती जागा दाखवली आणि खूप वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, मारले आम्ही गेलो, आणि त्यानंतर रस्ता बंद झाला तो पण आमचाच. दुसऱ्या इंतिफादाच्या, म्हणजे २००० नंतरच्या पॅलेस्टिनी उठावाच्या काळात तर शुहदा स्ट्रीट पुरताच बंद झाला. सकाळचा गाईड याचं कारण सांगताना म्हणाला होता की २००१ मध्ये समोरच्या टेकडीवरून नेम धरून १० महिन्यांच्या ज्यू बाळाला मारलं, रस्ते उगीच बंद होत नाहीत. मी दोन्ही ऐकलं. बाळाचं ऐकून पोटात गोळा आला आणि तरी माझं मत असं झालं की हजारो माणसांना त्यांच्या स्वतःच्या घराच्या पुढच्या दारातून बाहेर पडू न देणं हे चूकच आहे, त्याला सुरक्षा म्हणून भागत नाही. माझं मत आहे, पटलं पाहिजे असं नाही.

जुन्या बाजारातली गल्ली मला अजून स्वप्नात येते. डोक्यावर लोखंडी जाळी, जाळीवर कचरा, बाटल्या, विटांचे तुकडे. वरच्या मजल्यांवर ज्यू वस्तीची घरं आहेत, तिथून खाली टाकतात म्हणून दुकानदारांनी जाळी बांधली. खाली एक म्हातारा मसाले विकत होता, झातर, सुमाक, वाळलेली मिरची, आणि आपल्या बायका करतात तसं हातावर घेऊन वास घ्यायला लावत होता. एका शाळकरी मुलीला चेकपोस्टच्या फिरत्या दारातून दप्तर आडवं करून जाताना बघितलं, आमच्या पाचवीतल्या मुलींएवढी. ती आमच्याकडे बघून हसली आणि गेली, तिच्यासाठी तो रोजचा रस्ता. गाईडने अजून एक सांगितलं, एकाच गल्लीत दगड मारला तर ज्यू मुलाला साधा नागरी कायदा आणि पॅलेस्टिनी मुलाला लष्करी कोर्ट. सकाळच्या गाईडला परत भेटलो तेव्हा मी मुद्दाम विचारलं हे खरं का, तो हो म्हणाला.

जेवण एका घरी होतं, आणि जेवणाला माझ्याकडून पैकीच्या पैकी. किदरा, हेब्रॉनची खासियत, भात, मटण, काबुली चणे आणि सोललेल्या अख्ख्या लसणाच्या पाकळ्या, भांडं लाकडाच्या भट्टीत ठेवून शिजवतात. आपल्या जिभेला तिखट नाही पण वास असा की दुसऱ्यांदा घेतलंच. शाकाहारी लोकांना डाळीचं सूप, कोशिंबीर, दही, वांगं, पोट भरतं, आधी कळवा म्हणजे झालं. जेवण दोन वाजता आलं, सकाळी सातला निघालेल्या माणसांना हे उशिरा होतं, बिस्किटं जवळ ठेवा. अमेरिकन मुलगा परत आमच्यात आलेला, त्या घरच्या बाईने त्याला विचारलं तू कुठला, तो आधी फक्त न्यू जर्सी म्हणाला, मग थोड्या वेळाने मी ज्यू आहे म्हणाला. बाईने त्याच्या ताटात अजून भात वाढला. आणि मग अर्धा तास त्याच्याशी इंग्रजीत तावातावाने भांडली, १९६७ वरून, पाण्यावरून, तिच्या भावाच्या अटकेवरून. भात वाढून भांडली, याचं मला कौतुक वाटलं.

परतीच्या बसमध्ये लंडनच्या बाईने माझ्याकडे याकोब आणि लेआच्या बाजूचे फोटो मागितले, अमेरिकन मुलाने इसहाकच्या. फोन त्या दोघांत फिरला. चौदा जणांत दोन्ही बाजू पूर्ण बघितलेले आम्ही बारा, आणि जे दोघं खऱ्या अर्थाने त्या पूर्वजांचे, त्यांनाच अर्धं अर्धं मिळालं.

आता रेटिंग. पाचपैकी चार. एक कापला तो धर्माच्या चौकशीबद्दल आधी न सांगितल्याचा आणि आतल्या वेळेचा. कुणी घ्यावी? ज्याला उत्तर घेऊन यायचंय त्याने नको, तो चिडेल. मी जाताना मनात धरून गेले होते की दोन हजार वर्षांचं धर्मांचं भांडण बघायला मिळेल, आणि बघितलं ते म्हणजे धर्म दोघांना एकाच बापाच्या दारात आणून उभं करतो, भांडण आहे ते गेल्या शंभर वर्षांतलं, जमिनीचं, भीतीचं आणि कोणी कुठून चालायचं याचं. मुलांना मी आता हेच सांगते, आणि फळ्यावर गावाचा नकाशा काढून एच वन, एच टू रंगवायला लावते, त्यांना पटकन कळतं. चढ आहे, सहा-सात किलोमीटर चालणं होतं, गुडघ्याचा त्रास असेल तर विचार करा. बायकांनी ओढणी जवळ ठेवा, मशिदीत झगा देतात पण तो सगळे वापरतात. पासपोर्ट मूळचा लागतो, झेरॉक्स चालत नाही. शनिवारी जाऊ नका, आणि ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात ज्या आठवड्यात सिनेगॉगमध्ये साराच्या मृत्यूचा तो अध्याय वाचतात तेव्हा हजारो ज्यू गावात उतरतात, तो टाळा.

दोन दिवसांनी दिमोनाला मावशीकडे गेलो. मी अलिबागचे कडवे वाल नेले होते, तिने नारळाचं दूध घालून बिरडं केलं, दाराच्या मेझुझाला, म्हणजे चौकटीवरच्या तोरातल्या ओळींच्या डबीला हात लावून आम्हाला आत घेतलं आणि पहिलं म्हणाली, हेब्रॉनला कशाला गेलीस गं, माझ्या धाकट्याची तिथे सैन्यातली ड्युटी होती तेव्हा मी चार महिने झोपले नव्हते. मी काय काय बघितलं ते सांगत गेले, बंद दुकानं, जाळी, १९२९ ची खोली. ती ऐकत होती, मधे मधे नाही, तसं नाही म्हणत होती, मधे मधे गप्प. मग म्हणाली की आमच्या सिनेगॉगची बस गेली होती एकदा, तेव्हा अब्राहम-सारा, याकोब-लेआ झालं, पण इसहाक राहिला. तो भाग ज्यूंना वर्षातून दहाच दिवस उघडतात आणि तेव्हाच्या गर्दीत तिचे गुडघे चालणार नाहीत. जुन्या माणसांत अब्राहमचा आबाजी व्हायचा आमच्यात, म्हणाली, घरातलंच माणूस वाटतं गं ते सगळं.

मी फोन काढून तिला फोटो दाखवला. तिने चष्मा लावला, दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ बघितला. चादर कोणी घातली, तिने विचारलं. मशिदीतल्या लोकांनी, मी म्हटलं. झाडतात का गं नीट? मी म्हटलं हो मावशी, अगदी स्वच्छ होतं, गालिचे पण. बरं, म्हणाली, आता रिबेकाचा दाखव, आणि मग व्हॉट्सॅपवर पाठव, तिकडचे इकडचे सगळे.